दानाचं पातं: वाडीला विळी, सुरी, कोयता द्यायचा तर खर्च किती?

नृसिंहवाडीला काही द्यायचं म्हटलं की आपल्या डोक्यात आधी तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, गुळाची ढेप आणि फार तर एखादं मोठं पातेलं येतं. पातेल्यात शिजणार ते चिरायचं कशानं, हे फारसं कुणाला सुचत नाही. दत्तस्थानांत अन्नदानाला मोठा मान. वाडीत दुपारचा महाप्रसाद असतो, शिवाय पुजाऱ्यांच्या घरी उतरलेल्या भक्तांची जेवणं वेगळी. गुरुवार आणि पौर्णिमेला माणसं दुपटी-तिपटीनं वाढतात. त्या दिवशी पहाटेपासून भाजी चिरायला बसलेल्या बायकांच्या हातात जर बोथट विळी असेल, तर तुमच्या तांदळाच्या पोत्याचा त्यांना काय उपयोग?

अमेरिकेत हातानं चाकू घडवणारे कारागीर एखादं देखणं पातं घडवून लिलावाला देतात आणि आलेला पैसा रुग्णालयाला, अनाथाश्रमाला किंवा आजारी सहकाऱ्याच्या उपचाराला जातो. पातं श्रीमंताच्या कपाटात आणि पैसा गरजूकडे, असा तो मामला. आपल्याकडे हे उलट करता येतं. पैसा लोहाराला मिळावा आणि पातं थेट कामाच्या हातात जावं. कृष्णा-पंचगंगेच्या या संगमाभोवती पात्याची गरज असलेले तीन प्रकारचे लोक सहज सापडतात. अन्नछत्रातले सेवेकरी, शिरोळ तालुक्यात ऊस तोडायला येणारी कुटुंबं आणि पुरात संसार बुडालेली घरं. तिघांची पाती वेगळी आणि खर्चही वेगळा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पात्यासाठी जेवढे पैसे काढाल, त्यातले रुपयामागे तीन-चार आणे धारेसाठी बाजूला ठेवायची तयारी नसेल, तर हे दान करूच नका. तांदूळच द्या. बोथट झालेलं पातं कोपऱ्यात पडतं, गंजतं आणि शेवटी भंगारात जातं.

पुढे दिलेले आकडे हे घरून निघताना खिशात किती धरावेत, याचे ढोबळ अंदाज आहेत. लोहाराचा भाव वजनावर, पोलादावर आणि हंगामावर ठरतो. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली आणि कोल्हापूर या चारही बाजारांत एकच वस्तू वेगळ्या किमतीला मिळते. दोन ठिकाणी विचारूनच पैसे द्या.

आधी विचारा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे विचारणं. अन्नछत्र चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन व्यवस्थापकांशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वयंपाकघरात जो माणूस रोज भाजीचा हिशेब बघतो त्याला विचारा. विळी वापरता की सुरी? बसून चिरता की ओट्याशी उभं राहून? धार कोण लावतं? मोठ्या अन्नछत्रांत आता बटाटा, कोबी, कांदा चिरायला विजेची यंत्रं आलेली असतात. असं यंत्र साधारण पंचवीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत पडतं आणि त्याची पाती झिजली की बदलावी लागतात. स्वयंपाकघरात यंत्र असेल, तर तुमच्या दहा विळ्यांपेक्षा त्याच यंत्राच्या पात्यांचा एक जादा संच जास्त कामाचा. त्यात तुमच्या लोहाराला काम मिळणार नाही आणि दानाचा फोटोही चांगला येणार नाही, पण उत्तर तेच असेल तर ते मान्य करा.

वेळेचाही विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं की वाडीत दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी उत्तरेकडून गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं. त्या वेळी स्नानाला गर्दी लोटते. पाणी आणखी चढलं तर रस्तेच बंद होतात. या दिवसांत कुणाच्या हातात पोतंभर लोखंड देऊ नये. दत्तजयंती मार्गशीर्षात आणि गुरुप्रतिपदा माघात येते. त्याआधी पंधरा-वीस दिवस माल पोचला तर उत्सवाच्या कामी येतो. बारा वर्षांनी येणारा कन्यागत महापर्वकाळ वाडीत २०१६ साली झाला, म्हणजे पुढचा २०२८च्या सुमाराला येईल. गटानं काही मोठं द्यायचं मनात असेल तर त्याची तयारी आतापासून करता येते.

शनिवारी लोखंड घेऊ नये, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. तुमचा विश्वास असो वा नसो, घेणाऱ्याचा असू शकतो. शनिवार सोडून कुठलाही वार धरा, बोलाचाली वाचते.

विळी की सुरी?

वाडी-शिरोळ भागातली कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध आहेत. साध्या लोखंडी विळीवर ती चिरली की पात्याला आणि फोडींना काळपट कळा येते, कारण वांग्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो. घरच्या चार वांग्यांना आपण फोडी मिठाच्या पाण्यात टाकून सुटतो. मोठ्या स्वयंपाकात पातं दर थोड्या वेळानं पुसत बसायला कुणाला सवड नसते. कैरी, चिंच, टोमॅटो यांची गोष्टही तशीच. म्हणून अन्नछत्रासाठी स्टेनलेस पातं घ्या, हा माझा पहिला सल्ला. हाताच्या घडाईच्या प्रेमापोटी साधं पोलाद देऊ नका. धार त्याला छान चढते, पण ते ओलं ठेवलं की एका रात्रीत तांबूस पडतं, आणि अन्नछत्रात सगळंच सदा ओलं असतं.

मोठ्या कामाची विळी घरच्या विळीपेक्षा वेगळी असते. पाट रुंद हवा, म्हणजे पाय ठेवल्यावर विळी हलत नाही. पातं उंच आणि जाड पाठीचं हवं, म्हणजे लाल भोपळा फोडताना वाकत नाही. खोबरं किसायची खवणी टोकाला असते, तिची इथे गरज नसेल तर ती काढून टाकायला सांगा. गर्दीत बसलेल्या बायकांना शेजारणीच्या विळीची खवणीच आधी लागते. घरगुती विळी अडीचशे ते पाचशे रुपयांत मिळते. लाकडी किंवा लोखंडी पाटाची भक्कम मोठी विळी नऊशेपासून दीड हजारापर्यंत धरा. पाट सागवानी मागितला तर आणखी चार-पाचशे वाढतील, आणि ते पैसे वाया गेलेच म्हणून समजा. बाभळीचा पाट तेवढाच टिकतो.

उभ्यानं काम करणाऱ्या स्वयंपाकघराला सुऱ्या लागतात. आठ-दहा इंची पात्याची हॉटेलवाल्यांच्या वापरातली स्टेनलेस सुरी तीनशे ते हजार रुपयांत येते. अशा सुरीच्या पोलादाचा कठीणपणा साधारण ५४ ते ५८ रॉकवेल असतो. याहून कठीण पातं धार जास्त दिवस धरतं, पण हाडकावर किंवा दगडावर आदळलं की त्याचे तुकडे उडतात आणि साध्या दगडावर त्याला धार लागत नाही. हौशी कारागिरांची हातानं घडवलेली सुरी चार हजारांपासून सुरू होते आणि पंधरा-वीस हजारांपर्यंत जाते. ती सुंदर असते. पण एका सुरीच्या पैशात वीस माणसांची सोय होत असताना अन्नछत्राला ती देणं म्हणजे केवळ आपली हौस भागवणं. त्यापेक्षा ती विकत घेऊन घरी वापरा किंवा अमेरिकन कारागिरांसारखी लिलावात काढा आणि आलेले पैसे दान करा.

मुठीकडे नीट बघा. लाकडी मूठ गरम पाण्यात रोज धुतली की फुगते, तडकते, आणि फटीत खरकटं साचतं. स्वयंपाकघरासाठी प्लॅस्टिकची साधी, खरखरीत मूठ बरी. पात्याचा मुठीत जाणारा भाग शेवटपर्यंत गेलेला असावा आणि तीन रिवेट असावेत. अर्ध्यातच संपलेला असेल तर भोपळ्याच्या पहिल्या दणक्यात मूठ हातात राहते आणि पातं पायावर पडतं.

संख्या मोठी असेल, समजा एकसारख्या पन्नास सुऱ्या किंवा पाती हवी असतील, तर वेगळा मार्ग आहे. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि वाहनांच्या सुट्या भागांची कामं चालतात, त्यामुळे लेझरनं पत्रा कापणारे आणि पोलादाला उष्णतेची प्रक्रिया करणारे तिथे सापडतात. प्रक्रियेचा दर किलोवर असतो आणि ठरावीक किमान रक्कम आकारली जाते. म्हणून दोन पात्यांना ते हात लावणार नाहीत, पण पन्नास पात्यांना पात्यामागे खर्च अगदी थोडा येतो. पत्रा मात्र कठीण होणाऱ्या जातीचा हवा. ताटं-वाट्यांचा ३०४ जातीचा स्टेनलेस पत्रा कितीही तापवला तरी कठीण होत नाही. चाकूसाठी ४२० किंवा त्यावरची जात मागा.

लोहाराच्या दारात

कोयता, विळा, खुरपं, कुऱ्हाड ही कामं मात्र लोहाराकडूनच करून घ्यावीत. या भागात गावचे लोहार आहेत आणि गावोगाव फिरणारी घिसाडी कुटुंबंही आहेत. घिसाड्याच्या पालावर एकदा थांबून बघा. बाई घण मारते, नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीच्या टिचकीनं तिला पुढचा घाव कुठं घालायचा ते दाखवतो, आणि पोर भात्याचा पंखा फिरवतं. बहुतेकांचं पोलाद म्हणजे ट्रकचा जुना पाटा, स्प्रिंगचा. हे पोलाद हलकं नाही. उलट कोयत्याला ते उत्तम, कारण चिवट असतं आणि कठीणही होतं. फक्त तुकडा हातात घेऊन बघा. वर्षानुवर्षं खड्डे सोसलेल्या पाट्यात बारीक चीर असू शकते. ती तापवल्यावर दिसत नाही, उसाच्या बुडख्यावर दिसते.

पात्याचं खरं काम 'पाणी देण्यात' असतं. पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा थोडं तापवावं लागतं. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढताना दिसतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा साधारण २२० अंशांवर येतो, निळा ३००च्या आसपास. सुरीला सोनेरी रंगावर थांबवतात. कोयता-कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ देतात, कारण त्यांना धक्के खायचे असतात. चांगला लोहार अंश मोजत नाही, रंग बघतो. सावलीत काम करणारा लोहार निवडा. भर उन्हात हे रंग नीट दिसत नाहीत.

घेताना दोन गोष्टी तपासा. बारीक कानस धारेवर हलकेच ओढा. ती घसरली तर पाणी बसलंय, खोल चावली तर पातं मऊ आहे. मग पातं दोऱ्याला टांगून हातोडीनं टिचका. खणखणीत आवाज आला तर बरं, बसका आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. लोहाराला याचा राग येत नाही. राग आला तर दुसरीकडे जा.

अंदाजे भाव असे. खुरपं साठ ते दीडशे. विळा शंभर ते दोनशे. कोयता तीनशे ते पाचशे. कुऱ्हाड दांड्यासकट पाचशे ते आठशे. तुमचा पाटा दिलात तर थोडं कमी होईल, पण फार नाही, कारण खर्च लोखंडापेक्षा कोळशाचा आणि घामाचा असतो. दानाचं काम आहे म्हणून लोहाराला भाव पाडायला सांगू नका. बलुतेदारी होती तेव्हा त्याला सुगीला धान्य तरी मिळायचं. आता तुमच्या पुण्याचा खर्च त्यानं का सोसावा? निम्मे पैसे आधी आणि निम्मे माल बघून, हा रिवाज दोघांनाही बरा.

ऊसतोडीचा कोयता

शिरोळ तालुका म्हणजे उसाचा तालुका. गाळप सुरू झालं की बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूनं आणि कर्नाटकातून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. माणसाची मोजदादच हत्याराच्या नावानं होते, पण हत्यार बहुतेकदा मजुराचं स्वतःचं असतं, त्यानं स्वतःच्या पैशानं आणलेलं. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तरी तोडणीच्या दरात एक चांगला कोयता टनभर ऊस तोडल्याशिवाय निघत नाही.

इथे देणाऱ्यांची मोठी चूक होते ती वजनाची. दुकानात बघताना जड कोयता भारी वाटतो. पहाटे फडात शिरून दिवसभर वाकून ऊस बुडापासून तोडणाऱ्याला तो संध्याकाळी नकोसा होतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडाच्या कांड्यांत जास्त असते आणि वरून तोडला तर शेतकरी आणि कारखाना दोघंही ओरडतात. म्हणून पात्याचं टोक आणि वाक असा हवा की हात जमिनीवर घासणार नाही. बीडकडचा कोयता आणि कर्नाटकातल्या मजुराचा कोयता यांची ठेवण सारखी नसते. ज्या टोळीला द्यायचा तिच्यातला एक जुना कोयता मागून घ्या आणि लोहाराच्या समोर ठेवा. हा नमुना, असाच घडव, एवढंच सांगा. बायकांसाठी थोडा हलका वेगळा करून घ्या. बहुतेक देणगीदार हे विसरतात.

कोयत्याबरोबर कानस द्या. मजूर रोज सकाळी, कधी दुपारीही, धार काढतो आणि कानस महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होते. चांगली चपटी कानस दीडशे ते अडीचशेला येते. कानशी बनवण्याचा मोठा कारखाना आपल्याच रत्नागिरीत आहे, त्यामुळे माल दुर्मीळ नाही, फक्त नकली टाळा. बोटं वाचवायची तर जाड चामड्याचं किंवा कॅनव्हासचं म्यान द्या, चाळीस-पन्नास रुपयांत चपलांच्या कारागिराकडून शिवून मिळतं. कोल्हापुरात चामड्याच्या कामाला तोटा नाही. खोपीत लहान पोरं असतात. उघडा कोयता तिथं ठेवू नये, म्यानाची खरी गरज तेवढ्यासाठीच.

वाटप मुकादमाच्या हातून करू नका. सगळे मुकादम वाईट असतात असं नाही, पण उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाच्या, हिशेबात तुमचा कोयता कधी मिसळला ते मजुरालाही कळत नाही. खोपीवर जा, जोडीच्या हातात द्या.

पंचवीस हजारांत काय होतं ते बघा. चारशेचा कोयता आणि दोनशेची कानस, असे तीस संच केले की अठरा हजार. तीस म्यानांचे बाराशे. नेण्या-आणण्याचे हजार. उरलेल्या अठ्ठेचाळीसशेत हंगामाच्या मध्यावर आणि पुढे एकदा, असे दोनदा तीसही कोयते लोहाराकडून शेवटून घ्या. एका वेळी कोयत्यामागे ऐंशी रुपये धरलेत. शेवटणं म्हणजे झिजलेली धार पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन नवी करणं. याच पैशात साठ नुसते कोयते घेता येतील आणि यादी मोठी दिसेल. मी तीसच घेईन.

पुराच्या घरांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी या तालुक्यानं मोठे पूर पाहिले. २०१९ला मदतीचा ओघ एवढा होता की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. पाणी ओसरल्यावर घरी परतलेल्या बाईला धान्याचं पाकीट मिळतं, तेल मिळतं, पण विळी चिखलात गेलेली असते. एक साधी स्टेनलेस विळी, एक लहान सुरी आणि शेतकरी घर असेल तर एक खुरपं-विळा, असा संच पाचशे ते आठशे रुपयांत होतो. संच पूर येण्याआधी करून ठेवू नका, लोखंड पडून गंजतं. विक्रेत्याशी बोलून ठेवा आणि पाणी उतरलं की उचला. जुनी हत्यारं चिखलातून निघाली असतील तर ती टाकू देऊ नका. एक लोहार आणि एक धार लावणारा आठवडाभर गावात बसवला, तर नव्या संचांपेक्षा कमी पैशात जास्त घरांचं काम निघतं. दिवसाची मजुरी आणि कोळसा एवढाच खर्च.

नाव, पावती आणि पोलीस

पात्यावर नाव कोरायचा मोह होतो. भांड्यांवर नाव घालण्याची आपली जुनी सवय. भांडीवाला यंत्रानं अक्षरामागे दोन-पाच रुपये घेतो. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' एवढं लांब लिहायचं तर ते पात्याच्या पाठीकडे, मुठीजवळ घाला. धारेकडे कोरलं तर खाचांत घाण बसते आणि दोन वर्षांत धार लावता लावता आजोबांचं अर्धं नाव झिजतं. त्यापेक्षा अन्नछत्राची खूण आणि क्रमांक घाला. हत्यारं मोजायला आणि हरवली तर शोधायला तेच उपयोगी पडतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. विळी, स्वयंपाकाची सुरी, कोयता हे वगळलेल्यांत बसतात. खंजीर, गुप्ती, तलवार बसत नाही. सत्काराला तलवार देण्याची हौस आपल्याकडे आहे आणि तलवारीनं केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्याही आपण वाचतो. दानात ते सोंग आणू नका. निवडणूक आणि सणांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगायला मनाई असते. तीस कोयते गाडीत घालून निघणार असाल तर दुकानाचं बिल, संस्थेचं किंवा कारखान्याच्या शेतकी खात्याचं पत्र आणि नीट बांधलेली गाठोडी सोबत ठेवा. जवळच्या ठाण्यात आधी सांगून ठेवलं तर आणखी बरं. परदेशातून किंवा विमानानं येणाऱ्यांनी पातं हातातल्या सामानात ठेवू नये. ते फक्त चेक-इनच्या बॅगेत, गुंडाळून.

कराची आशा ठेवू नका. वस्तूच्या रूपानं दिलेल्या दानाला ८०जीची वजावट मिळत नाही, आणि रोख दोन हजारांहून जास्त दिले तरी मिळत नाही. वजावट हवी असेल तर संस्थेला चेकनं किंवा बँकेतून पैसे द्या, खरेदी त्यांना करू द्या आणि पावती घ्या. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का ते पावतीवर दिसतं. कोयता, विळा, खुरपं अशा हातानं चालवायच्या शेती-अवजारांवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. सुऱ्यांना मात्र तो लागतो. गल्लीत पावतीपुस्तक घेऊन वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांना हे माहीत असतं, आपल्यासारख्या हौशी गटांना नसतं.

पाच हजार असतील तर

सगळ्यांकडे पंचवीस हजार नसतात. पाच हजारांत अन्नछत्राला काय द्यावं, असं मला विचाराल, तर दोन मोठ्या विळ्या बाविसशेच्या, चार स्टेनलेस सुऱ्या चौदाशेच्या आणि धार लावायची एक दुहेरी सहाण चारशेची. राहिलेले हजार रुपये विळ्या-सुऱ्यांत घालवू नका. सायकलवर चाक फिरवत धार लावणारे येतात, ते पात्यामागे दहा ते तीस रुपये घेतात. मोठ्या विळीला जरा जास्त. सहा पाती, दर दोन महिन्यांनी एकदा, पात्यामागे पंचवीस धरले तर वर्षाचे नऊशे होतात. हे पैसे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याकडे वेगळ्या पाकिटात, पाकिटावर 'धार' असं लिहून द्या, नाहीतर ते कोथिंबिरीत जातील. पुढच्या वर्षी नवी विळी न देता हेच पाकीट पुन्हा द्या.

आणि लोहाराला काम सांगायचं असेल तर श्रावण संपायच्या आत सांगा. खंडेनवमीला तो आपल्या ऐरण-हातोड्याची पूजा मांडतो, त्या दिवशी भट्टी पेटत नाही. त्यानंतर गाळप हंगामाचे कोयते त्याच्याकडे रांग लावतात, आणि मग तुमच्या तीस कोयत्यांचा नंबर दिवाळीनंतरच लागतो.